न्यायमूर्ती रानडे आणि शेतकऱ्यांचे ऋण

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागात भीमा व नीरा या नद्यांच्या आश्रयाने बारामती व इंदापूर हे दोन तालुके वसलेले आहेत. आज या भागात उसाचे हिरवे मळे डोलताना दिसतात. परंतु नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू होण्यापूर्वी येथील शेतकऱ्याची सारी भिस्त पावसावर होती. पाऊस रुसला की सावकाराचे दार, आणि ते दार एकदा ओलांडले की सुटका नाही, अशी त्याची स्थिती होती. या ऋणाच्या प्रश्नाचा ज्यांनी खोलवर अभ्यास केला आणि न्यायासनावर बसून त्यावर उपाय योजला, त्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे चरित्र म्हणूनच मननीय आहे.

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. त्यांचे बालपण कोल्हापुरास गेले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी उच्च शिक्षण घेतले, कायद्याची पदवी संपादन केली आणि १८७१ साली ते न्यायाधीश म्हणून पुण्यास आले.

तो काळ शेतकऱ्यांच्या कसोटीचा होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेव्हा आपल्याकडील कापसास सोन्याचे मोल आले. शेतकऱ्यांची पत वाढली व त्याबरोबर कर्जही वाढले. १८६५ साली युद्ध थांबले आणि भाव कोसळले. मिळकत घटली, कर्ज मात्र घटले नाही. त्यातच इंदापूर तालुक्यातील तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपून १८६७ च्या सुमारास शेतसारा वाढविण्यात आला. सारा रोख भरावयाचा, घरात धान्य नाही, मग जमीन गहाण टाकण्यावाचून गत्यंतर कोणते?

कर्ज कसे फुगत असे ते पाहा. रोख्याची मुदत कायद्याने तीन वर्षांची असे. समजा, एखाद्याने शेकडा दरमहा दोन रुपये व्याजाने शंभर रुपये घेतले. तीन वर्षांनी त्याचे १७२ रुपये झाले. तेवढ्या रकमेचे नवे खत लिहिले गेले, की सहा वर्षांच्या अखेरीस शंभराचे सुमारे २९६ रुपये होत. निरक्षर कुणबी खताखाली निशाणी करी. आत काय लिहिले आहे, हे त्याला कळत नसे.

पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती मिळवून १८७३ साली शेतकऱ्यांच्या दुःस्थितीचा अहवाल प्रसिद्ध केला. या कार्यामागे माधवरावांचे मार्गदर्शन होते. परंतु लोकांचा धीर सुटत चालला होता. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजारच्या दिवशी जमाव उसळला. हे गाव आज बारामती तालुक्यात आहे. सावकारांची घरे व दुकाने लुटली गेली, खते व चोपड्या जाळण्यात आल्या. दंग्याचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना तो लागू करण्यात आला.

या कायद्याने कर्जापायी शेतकऱ्यास तुरुंगात टाकणे बंद झाले. खतावरील आकड्यावर विसंबून न राहता मूळ रक्कम किती, व्याज किती आणि फेड किती, याचा न्यायाधीशाने शोध घ्यावा. फेडीसाठी हप्ते बांधून द्यावेत. सावकाराने पावती द्यावी, असे ठरले. पण कायदा कागदावर राहून चालत नाही. १८८१ पासून माधवरावांकडे खालच्या न्यायालयांच्या तपासणीचे काम आले व १८८७ साली ते या कायद्याखालील विशेष न्यायाधीश झाले. बैलगाडीने व घोड्यावरून तालुक्यामागून तालुका हिंडत त्यांनी दप्तरे तपासली. एखाद्या कुळाचा हिशेब नीट पाहिला गेला नसेल, तर ती चूक ते दुरुस्त करवीत.

केवळ सावकारास दोष देऊन प्रश्न सुटणार नाही, हे माधवराव जाणून होते. बियाणे, बैल व सारा यांसाठी शेतकऱ्यास पैसा लागणारच. सावकाराचे दार बंद केले, तर दुसरे दार उघडावयास हवे. म्हणूनच माफक व्याजाने कर्ज देणाऱ्या शेतकी पेढ्यांचा त्यांनी आग्रह धरला. सर विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी तशी योजना आखली होती; पण विलायतेतील सरकारने ती नामंजूर केली. तरीही माधवराव निराश झाले नाहीत. युरोपातील भूतारण पेढ्यांचा अभ्यास करून १८९१ साली पुण्याच्या औद्योगिक परिषदेत त्यांनी या विषयावर निबंध वाचला. १८९३ साली ते मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे देहावसान झाले. पुढे तीनच वर्षांनी, १९०४ साली, सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. गावचा पैसा गावाच्या उपयोगी पडावा, या दिशेने पहिले पाऊल पडले. ते पाहण्यास मात्र माधवराव राहिले नव्हते.

सुप्याच्या बाजारात जळालेली खते काही घटकांत राख झाली, पण तेवढ्याने ऋण फिटले नाही. हिशेब जाळण्याऐवजी तो उजेडात आणून न्यायाने तपासावा, हा मार्ग माधवरावांनी चोखाळला. सही करण्यापूर्वी कागद वाचावा, घेतल्या-दिल्याची नोंद ठेवावी आणि भाव चढले असता उद्याच्या पडत्या भावाचा विचार करावा, हा बोध त्यांच्या कार्यातून प्रत्येक कुटुंबाने घेण्यासारखा आहे.