न्या. प्रल्हाद गजेंद्रगडकर : कर्तव्यभंग मान्य, भरपाई अमान्य

लखनौच्या हजरतगंज भागात उत्तर प्रदेश विधानसभेची भव्य वास्तू उभी आहे. मार्च १९६४ मध्ये या वास्तूत संमत झालेल्या एका ठरावाने देशात घटनात्मक पेच निर्माण केला. विधानसभेने हक्कभंगाबद्दल तुरुंगात धाडलेल्या केशव सिंह यांना उच्च न्यायालयाच्या लखनौ पीठातील दोन न्यायमूर्तींनी जामीन दिला होता. त्यामुळे संतप्त झालेल्या सभागृहाने त्या न्यायमूर्तींनाच ताब्यात घेऊन आपल्यासमोर हजर करण्याचा आदेश दिला. अखेर राष्ट्रपतींनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे सोपवला. त्या वेळी सरन्यायाधीशपदी एक मराठी विधिज्ञ होते. त्यांचे नाव प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर.

न्यायमूर्तींना अशा प्रकारे पाचारण करण्याचा अधिकार विधिमंडळाला नाही, असे मत सात सदस्यांच्या पीठाने ३० सप्टेंबर १९६४ रोजी बहुमताने दिले. नागरिकाच्या स्वातंत्र्याचे रक्षण करणारे मत म्हणून त्याचा गौरव झाला. मात्र त्याच्या आदल्याच दिवशी, उत्तर प्रदेशातूनच आलेल्या दुसऱ्या एका खटल्यात गजेंद्रगडकर यांनी दिलेला निकाल एका सामान्य व्यापाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवणारा होता. निष्काळजीपणाच्या कायद्यात तो निकाल आजही चर्चिला जातो.

गजेंद्रगडकर यांचा जन्म १६ मार्च १९०१ रोजी सातारा येथे झाला. घराणे मूळचे कर्नाटकातील गजेंद्रगडचे. घरात संस्कृत विद्येची परंपरा होती. वडील बाळाचार्य हे संस्कृतचे पंडित, तर थोरले बंधू अश्वत्थामाचार्य मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. धारवाडचे कर्नाटक महाविद्यालय आणि पुण्याचे डेक्कन महाविद्यालय येथे प्रल्हाद यांचे शिक्षण झाले. कायद्याची पदवी संपादन करून १९२६ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिलीस प्रारंभ केला. हिंदू कायद्याचे ते गाढे अभ्यासक होते. दत्तकविधानावरील ‘दत्तकमीमांसा’ या संस्कृत ग्रंथाची चिकित्सक आवृत्तीही त्यांनी सिद्ध केली.

१९४५ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. जानेवारी १९५७ मध्ये त्यांची सर्वोच्च न्यायालयात नियुक्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९६४ रोजी त्यांनी सरन्यायाधीशपदाची सूत्रे स्वीकारली. कामगारविषयक निवाड्यांमुळे सामाजिक न्यायाचा पुरस्कर्ता न्यायाधीश अशी त्यांची ख्याती होती. म्हणूनच २९ सप्टेंबर १९६४ चा निकाल अनेकांना खटकला.

त्या खटल्याची हकीकत अशी. फाळणीच्या धामधुमीत, २० सप्टेंबर १९४७ रोजी, अमृतसरच्या एका सराफी पेढीचे भागीदार रलिया राम सोने-चांदी विकण्यासाठी मेरठला आले. मध्यरात्रीच्या सुमारास बाजारातून जात असताना पोलिसांनी त्यांना हटकले आणि कोतवालीत नेले. त्यांच्याजवळील सुमारे १०३ तोळे सोने व दोन मणांहून अधिक चांदी जप्त करण्यात आली. दुसऱ्या दिवशी त्यांची जामिनावर सुटका झाली. पुढे चांदी परत मिळाली, सोने मात्र मिळाले नाही. मालखान्याचा ताबा असलेला हेड कॉन्स्टेबल ते घेऊन ऑक्टोबर १९४७ मध्ये पाकिस्तानात पळून गेला होता.

पेढीने उत्तर प्रदेश सरकारविरुद्ध दिवाणी दावा लावला. निष्काळजीपणाच्या दाव्यात तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. प्रतिवादीवर काळजी घेण्याचे कर्तव्य होते, त्याने त्या कर्तव्याचा भंग केला आणि त्या भंगामुळेच वादीचे नुकसान झाले. कर्तव्य कोणते, हे येथे पोलिसांच्या नियमांवरूनच स्पष्ट होत होते. जप्त केलेला मौल्यवान ऐवज कोषागारात सुरक्षित ठेवणे आवश्यक होते. प्रत्यक्षात सोने पोलीस ठाण्याच्या मालखान्यातच राहिले. कनिष्ठ न्यायालयाने ११,४३० रुपये १० आणे देण्याचा हुकूम केला. उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला, कारण त्याच्या मते निष्काळजीपणा सिद्धच झाला नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय पीठाने या मुद्द्यावर उच्च न्यायालयाचे मत अमान्य केले. पोलीस अधिकाऱ्यांनी घोर हयगय केली, असा स्पष्ट निष्कर्ष गजेंद्रगडकर यांनी नोंदवला. म्हणजे कर्तव्य होते, त्याचा भंग झाला आणि नुकसानही झाले. तरीही पेढीचे अपील फेटाळले गेले. त्याचे कारण शंभर वर्षांपूर्वीच्या एका निकालात होते. कोलकात्याच्या सरकारी गोदीतील कामगारांच्या हयगयीमुळे एका जहाज कंपनीचा घोडा जखमी झाला होता. त्या प्रकरणात न्यायालयाने १८६१ मध्ये सरकारच्या कामांचे दोन भाग कल्पिले. खासगी व्यक्तीही करू शकेल अशा कामातील चुकीस सरकार जबाबदार, मात्र सार्वभौम सत्तेच्या कामातील चुकीस नाही. अटक, झडती आणि जप्ती ही दुसऱ्या प्रकारात मोडतात, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. घोड्याच्या मालकाला मिळाला तो न्याय सोन्याच्या मालकाला मिळाला नाही.

हा परिणाम समाधानकारक नाही, याची जाणीव गजेंद्रगडकर यांना होती आणि ती त्यांनी निकालपत्रातच व्यक्त केली. इंग्लंडने १९४७ मध्येच कायदा करून सरकारचे हे संरक्षण मोठ्या प्रमाणात दूर केले होते. भारतीय विधिमंडळांनीही तसा कायदा करण्याचा विचार करावा, असे त्यांनी सुचवले. विधी आयोगाने तशी शिफारस १९५६ मध्येच केलेली होती. त्यानंतर १९६५ आणि १९६७ मध्ये संसदेत विधेयके आली, परंतु त्यांचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

१५ मार्च १९६६ रोजी गजेंद्रगडकर निवृत्त झाले. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९७१ ते १९७७ या काळात त्यांनी विधी आयोगाचे अध्यक्षपद भूषवले. १९७२ मध्ये त्यांना पद्मविभूषण किताबाने सन्मानित करण्यात आले. १२ जून १९८१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

संसदेने जे केले नाही, ते न्यायालयांनी हळूहळू केले. पोलिसांच्या ताब्यातून चोरीस गेलेल्या दागिन्यांची किंमत मालकाला देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हैसूर राज्यातील एका प्रकरणात दिला. १९९३ मध्ये ओडिशातील कोठडी मृत्यूच्या प्रकरणात, मूलभूत हक्कांचा भंग झाल्यास सार्वभौमत्वाची ढाल सरकारला वापरता येणार नाही, असे स्पष्ट झाले. १९९४ मध्ये तर सार्वभौम आणि इतर कामे हा भेदच आधुनिक राज्याला फारसा लागू पडत नसल्याचे न्यायालयाने म्हटले. सोन्याच्या खटल्याचा निकाल त्यामुळे बराच निष्प्रभ झाला आहे, परंतु तो औपचारिकरीत्या रद्द झालेला नाही आणि गजेंद्रगडकर यांनी सुचवलेला सर्वंकष केंद्रीय कायदाही अद्याप अस्तित्वात आलेला नाही. त्यामुळे सरकारी हयगयीने नुकसान सोसणाऱ्या नागरिकाला आजही आपला हक्क कायद्याच्या एखाद्या कलमावरून सांगता येत नाही, तो वेगवेगळ्या निकालांतून शोधावा लागतो.