अंबुजम कृष्णा : एक कर्नाटक पदकर्त्री

मार्गळी महिन्याच्या पहाटे मद्रासच्या मैलापूर भागात कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या वीथींतून भजन करीत जाणारे पापनाशम शिवन (1890–1973) हे शब्द आणि स्वर या दोहोंचेही धनी होते. कर्नाटक संगीतात अशा रचनाकारास वाग्गेयकार म्हणतात. त्याच मैलापूरच्या मैफलींतून ज्यांची पदे गायिली जातात, त्या अंबुजम कृष्णा यांना हे नामाभिधान द्यावे की नाही, हा प्रश्न मात्र त्यांचे चरित्र पाहू जाता टाळता येत नाही.

अंबुजम यांचा जन्म 1917 साली मदुरैत झाला. वडील रंग अय्यंगार हे वकील होते. कारैकुडी गणेशन आणि गणेश भागवतर यांजकडे त्यांचे संगीताचे शिक्षण झाले. पुढे दिल्लीच्या लेडी अर्विन महाविद्यालयात त्यांनी गृहविज्ञानाचा अभ्यास केला. टी. व्ही. एस. या उद्योगसमूहाचे संस्थापक टी. व्ही. सुंदरम अय्यंगार यांचे पुत्र टी. एस. कृष्णा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. घर संपन्न होते, पण त्या घराचा व्याप सांभाळूनच पुढची सारी साधना व्हावयाची होती.

1951 साली तिरुवैयारू येथे त्यागराजांच्या आराधनेस त्या उपस्थित राहिल्या आणि तेथील प्रेरणेतून त्यांची पदरचना सुरू झाली. तेव्हा त्यांचे वय चौतीस वर्षांचे होते. 1989 साली निधन होईपर्यंत त्यांनी सुमारे 600 पदे रचिली. तमिळप्रमाणेच तेलुगू, कन्नड, संस्कृत आणि हिंदी या भाषांत, तसेच मणिप्रवाळ शैलीतही त्यांनी लेखन केले. त्यांच्या पदांत कृष्णभक्तीला विशेष स्थान आहे. गुरुवायूरच्या कृष्णावरील त्यांचे रीतिगौळ रागातील पद आजही मैफलींत ऐकू येते.

या पदांना स्वरसाज चढविला तो मात्र इतरांनी. मैलापूरचे रहिवासी मुसिरी सुब्रमण्य अय्यर, व्ही. व्ही. सडगोपन, टी. एन. शेषगोपालन, चारुमती रामचंद्रन अशा अनेक गुणिजनांचा त्यात वाटा आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त गीताच्या शब्दांगास मातु व स्वरांगास धातु म्हटले आणि दोहोंत निपुण असलेल्यास उत्तम वाग्गेयकार मानिले. मातु रम्य, परंतु धातु मंद, अशा रचनाकारास त्याने अधम श्रेणीत बसविले. या मापाने अंबुजम यांच्या पदरी न्याय पडणे कठीण.

परंतु मराठी वाचकास हे माप अपुरे वाटेल. जनाबाईच्या अभंगांना शतकानुशतके कीर्तनकारांनी व गायकांनी निरनिराळ्या चाली दिल्या. त्यामुळे ते अभंग जनाबाईचे राहिले नाहीत, असे कोणी म्हणत नाही. अंबुजम स्वतः संगीत शिकलेल्या होत्या. गायकाच्या गळ्यात शब्द कसा वळेल आणि पल्लवी, अनुपल्लवी व चरण यांत आशय कसा विभागला जावा, याची जाण या पदांमागे होती. म्हणूनच भिन्न प्रकृतीच्या कलावंतांना त्यांत स्वर सापडला. शास्त्राने त्यांना कोणत्याही श्रेणीत बसविले, तरी गायकांनी त्यांची पदे आपलीशी केली आहेत. पदकर्त्रीला याहून वेगळी मान्यता ती कोणती हवी?