आपल्या जिल्ह्याची लेक : लक्ष्मीबाई टिळक

पाऊस कधी लांबतो, उमराण्याच्या बाजारात कांद्याचा भाव आज चढतो तर उद्या कोसळतो, आणि घरचा कर्ता कर्जाच्या काळजीने रात्रभर जागा असतो. अशा दिवसांत आमच्या देवळ्याकडील मंडळीत लोक विचारतात की, पुढचे काहीच दिसत नसता भरवसा धरावा तरी कसा? यास व्याख्यानाने उत्तर देण्यापेक्षा एका भगिनीचे चरित्र सांगणे आम्हांस बरे वाटते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली झाला. नाशिकजवळील जलालपूर हे त्यांचे माहेर. वडिलांचे सोवळे इतके कडक होते की, बाजारातून आलेले मीठसुद्धा धुतल्यावाचून घरात घेत नसत. वयाच्या अकराव्या वर्षी, १८८० साली, त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक मोठे कवी, पण एका जागी स्वस्थ बसणे त्यांस ठाऊक नव्हते. आज या गावी तर उद्या त्या गावी. त्यातच पोटची लेकरे दगावल्याचे दुःख बाईंच्या पदरी आले.

१८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबई येथे बाप्तिस्मा घेतला आणि बाईंच्या डोक्यावर आभाळच कोसळले. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी मेलेला. पदरी लहानगा दत्तू. नातलगांच्या आश्रयाने त्या पंढरपुरासही राहिल्या. अशी चार-पाच वर्षे गेली. आम्ही उपदेशक लोक या वर्षांवरून फार लवकर पुढे जातो, बाप्तिस्म्याच्या आनंदाकडे धावतो. परंतु ज्या घरात एकाने प्रभूला स्वीकारले व दुसऱ्याचे मन अजून तयार नाही, त्या घरास विचारा म्हणजे ही वर्षे किती लांब असतात ते कळेल. टिळकांनी पत्नीस टाकले नाही, तिच्यावर बळजबरीही केली नाही. ते वाट पाहत राहिले.

पुढे बाई पतीकडे नगर जिल्ह्यात आल्या, त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच! चूल वेगळी, पाणी वेगळे. त्यांचे मन एका दिवसात पालटले नाही. हा जातिभेद देवाने केला की माणसांनी, याचा त्या मनाशी विचार करीत राहिल्या, आणि तो माणसांचाच आहे अशी खात्री पटताच त्यांनी इतरांच्या हातचे पाणी घेतले. विश्वास त्यामागून आला. १९०० साली त्यांनी स्वखुशीने बाप्तिस्मा घेतला. ज्या आपल्या वाडवडिलांना पाणवठ्यावर उभे राहू देत नसत, त्यांच्या लेकराबाळांना याचा अर्थ आम्ही काय सांगावा?

तो काळ दुष्काळाचा व प्लेगाचा होता. टिळक अनाथ मुलांना घरी आणीत आणि हाती आलेला पैसा त्यांच्यापाशी टिकत नसे; मग उद्याच्या पिठामिठाची विवंचना बाईंकडे. त्या रागावत, भांडतही, आणि मग सर्वांना जेवू घालीत. विश्वासी माणसाने कधी कुरकुरू नये असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. घरासमोर आलेले लेकरू मात्र त्यांच्याकडून उपाशी गेले नाही.

१९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले. ज्यांच्यामागे बाई इतकी वणवण फिरल्या तेच गेले. ख्रिस्ताच्या जीवनावरील त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य जेमतेम दहा अध्यायांवर अपुरे राहिले होते. बाईंना शाळा ठाऊक नव्हती. अक्षरओळख पतीनेच करून दिलेली. तरी त्यांनी लेखणी हाती घेतली. वैधव्य, म्हातारपण, मुंबई, कराची, पुन्हा नाशिक, असे बिऱ्हाड हलत असता त्यांनी पुढील चौसष्ट अध्याय रचले. आपल्या जीवनाची हकीकतही त्यांनी लिहिली. ‘स्मृतिचित्रे’ या नावाने ती १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली, आणि ख्रिस्ती नसलेल्या घरांतही ती आवडीने वाचतात. स्वतःच्या फजित्या त्यांनी तीत इतक्या मोकळ्या मनाने सांगितल्या आहेत की वाचणाऱ्यास हसू आवरत नाही.

१९३६ च्या फेब्रुवारीत नाशिक येथे त्या प्रभूमध्ये निजल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून निघाले ते १९३८ साली. पुस्तक हाती घेणे त्यांच्या वाट्यास आले नाही.