विश्लेषण : १५४ युद्धनौका बाजूला काढणाऱ्या ॲडमिरल फिशर यांचा हिशेब काय होता?

संरक्षण खरेदीसाठी पैसा कधीच पुरेसा नसतो. म्हणून आज अनेक देश ‘पोर्टफोलिओ’ पद्धतीने विचार करतात. या पद्धतीचा गणिती पाया हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये शेअर गुंतवणुकीसाठी घातला. ब्रिटिश नौदलाचे ॲडमिरल जॉन ‘जॅकी’ फिशर यांनी त्याआधी जवळपास अर्धे शतक हाच विचार प्रत्यक्षात आणला होता.

कोण होते फिशर?

जन्म २५ जानेवारी १८४१, सिलोनमध्ये (आजची श्रीलंका). वडील लष्करी अधिकारी, पुढे कॉफीचे मळेवाले. घरची परिस्थिती बेताची. १८५४ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, फिशर नौदलात दाखल झाले. तेव्हा शिडाची जहाजे होती. तोफा, पाणतीर आणि यंत्रे यांत प्रावीण्य मिळवत ते वर चढले. ऑक्टोबर १९०४ मध्ये ते नौदलाचे प्रमुख, म्हणजे ‘फर्स्ट सी लॉर्ड’ झाले.

नेमके काय केले?

सरकारला खर्च कमी हवा होता आणि समोर जर्मनीचे आरमार वाढत होते. फिशर यांनी जुन्या, संथ अशा ९० नौका विक्रीला काढल्या, आणखी ६४ राखीव ठेवल्या. त्यांवरचे खलाशी आणि दुरुस्तीचा पैसा मोकळा झाला. जगभर विखुरलेली ताकद मायदेशाजवळ आणली. नौदलाचा खर्च १९०४-०५ मध्ये सुमारे ३.७ कोटी पौंड होता. पुढच्या वर्षी तो सुमारे ३.३ कोटींवर आला. त्याच काळात ‘ड्रेडनॉट’ उभी राहिली. १२ इंची १० तोफा, वाफेची टर्बाइन इंजिने, २१ नॉट वेग. ऑक्टोबर १९०५ मध्ये बांधणी सुरू झाली आणि डिसेंबर १९०६ मध्ये ती सेवेत आली. सोबत पाणबुड्यांवरही त्यांनी भर दिला.

यात पोर्टफोलिओ कुठे?

सर्वांत चांगले जहाज कोणते, एवढाच प्रश्न नसतो. ठरलेल्या पैशात कोणती जहाजे एकत्र ठेवली तर सर्वाधिक संरक्षण मिळेल, हा खरा प्रश्न. जुनी नौका फुकट वाटते. पण तिचा पगार, कोळसा, डागडुजी नव्या नौकेच्या वाट्यातून जाते.

हिशेब कुठे चुकला?

‘ड्रेडनॉट’मुळे ब्रिटनच्याच आधीच्या युद्धनौका जुन्या ठरल्या आणि जर्मनीला नव्याने स्पर्धेत उतरता आले. फिशर यांच्या आवडत्या ‘बॅटलक्रूझर’ नौकांत वेगासाठी चिलखत पातळ ठेवले होते. ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत अशा तीन ब्रिटिश नौका स्फोट होऊन बुडाल्या. तीन हजारांहून अधिक खलाशी गेले. दारूगोळा हाताळण्यातील हलगर्जीही त्याला कारण होती.

अखेर कशी झाली?

१९१० मध्ये निवृत्त झालेले फिशर पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर १९१४ मध्ये, पुन्हा प्रमुखपदी आले. दार्दानेल्स मोहिमेवरून चर्चिल यांच्याशी मतभेद होऊन मे १९१५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. १० जुलै १९२० रोजी त्यांचे निधन झाले.

आज काय शिकावे?

काय घ्यायचे याइतकेच काय सोडायचे, हे ठरवावे लागते. आणि जोखीम कमी लेखली, तर त्याची किंमत जहाजावरचा माणूस मोजतो.