दानपत्र

वाडवडिलांकडून आलेली मालमत्ता हा देवाचा आशीर्वाद होय, असे आपण मानतो. परंतु त्या मालमत्तेत माणसेच मोजलेली असतील, तर विश्वासणाऱ्याने काय करावे? अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीच्या रॉबर्ट कार्टर या जमीनदारापुढे हाच प्रश्न उभा राहिला.

रॉबर्ट यांचा जन्म १७२८ सालचा. त्यांचे आजोबा इतके धनाढ्य की लोक त्यांना ‘राजा’ म्हणत. १७३२ साली आजोबा व वडील दोघेही निवर्तले आणि हजारो एकर जमीन, तीवर राबणाऱ्या गुलामांसह, या बालकाच्या वाट्याला आली. १७५४ साली मेरीलँडच्या फ्रान्सिस टास्कर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्यास सतरा अपत्ये झाली. १७५८ साली रॉबर्ट गव्हर्नरच्या सल्लागार मंडळाचे सभासद झाले. मान, वैभव, विद्या, कशाचीच उणीव नव्हती.

१७७८ साली त्यांनी बॅप्टिस्ट मंडळीत बाप्तिस्मा घेतला. उच्चकुलीन लोक या पंथाला तुच्छ लेखत. तेथे कार्टर आपल्या गुलामांबरोबर उपासनेस बसू लागले. प्रभूपुढे जो बंधू, तो घरी परतताच मालमत्ता कसा ठरेल, ही टोचणी त्यांना लागली. आपल्या मुलांवर गुलामगिरीचे संस्कार होऊ नयेत म्हणून त्यांनी जॉर्ज व जॉन यांना दूर ऱ्होड आयलंडला शिक्षणासाठी पाठविले.

१७८२ च्या कायद्याने मालकांना आपले गुलाम मुक्त करण्याची मुभा दिली होती. १७९१ साली कार्टर यांनी न्यायालयात दानपत्र दाखल केले. त्यात ४५२ गुलामांची नोंद होती. त्यांना वर्षावर्षाने टप्प्याटप्प्याने मुक्त करण्याची तजवीज होती. शेजारी संतापले, आप्त नाराज झाले. परंतु त्यांनी माघार घेतली नाही.

पुढे त्यांनी बॅप्टिस्ट मंडळी सोडून स्वीडनबोर्ग यांचा पंथ स्वीकारला आणि १७९३ साली ते बाल्टिमोरला राहावयास गेले. १८०४ साली त्यांचे देहावसान झाले. नॉमिनी हॉल येथील त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडही बसविला गेला नाही. पुत्र जॉर्ज मात्र ओटलँड्स येथे गुलाम राबवीतच राहिला. पित्याची श्रद्धा पुत्राला वारसाहक्काने मिळत नाही, हे सत्य त्या घरानेही अनुभविले.

बाप्तिस्म्यापासून दानपत्रापर्यंत तेरा वर्षे गेली. हा विलंब आपण झाकू नये. तेवढा काळ ती माणसे दास्यातच होती. तथापि वाचकहो, आपल्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले, परंतु प्रभूला न मानवणारे असे काही आहे काय? असल्यास ते सोडावयास आपण किती वर्षे लावणार?