लिलावातली बाटली आणि लिलावातली माणसं

दोनशे वर्षांची तांबडी वाइन पिण्याजोगी राहते का, हा प्रश्न आमच्यासारख्या ताक-सरबताच्या घरात पडायचं काही कारण नाही. पण जुन्या बाटलीची एक हकिगत वाचता वाचता मी थॉमस जेफरसनच्या चरित्रात शिरलो आणि तिथंच अडकलो.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा हा लेखक, पुढे तिसरा अध्यक्ष. त्याआधी तो फ्रान्समध्ये राजदूत होता. मोडलेल्या मनगटाला झऱ्याच्या पाण्याचा गुण येतो का बघावं, म्हणून १७८७ मध्ये पॅरिसहून निघाला आणि द्राक्षमळे बघत हिंडला! बोर्दोचे चार मळे त्यानं सर्वांत वरचे म्हणून टिपले: मार्गो, लातूर (आपलं नव्हे!), ओ-ब्रियाँ आणि लाफीत. १८५५ मध्ये फ्रेंचांनी तांबड्या वाइनच्या पहिल्या प्रतीत बसवले तेही हेच. व्यापारी भेसळ करतात, तेव्हा वाइन मळ्यातच बाटल्यांत भरून धाडावी, हा त्याचा आग्रह. हिशेब वहीत.

१९८५ मध्ये लंडनच्या लिलावात त्याची आद्याक्षरं कोरलेली १७८७ ची लाफीतची बाटली १,०५,००० पौंडांना गेली. त्याच साठ्यातली मूटाँची बाटली १९८६ मध्ये फ्रान्समध्ये उघडली, तेव्हा चाखणारे जाणकार खूश झाले. जेफरसनच्या वह्यांत मात्र अभ्यासकांना या बाटल्यांचा पुरावा मिळाला नाही. पुढे तज्ज्ञांच्या तपासणीत ती अक्षरं विजेच्या हत्यारानं कोरलेली निघाली. जिभा फसल्या होत्या.

एवढा चोख टिपणारा माणूस कर्जात मात्र बुडत गेला. काही कर्ज सासऱ्याचं, काही मित्राला जामीन राहिल्याचं, पण खर्चाचा हातही सैलच. व्हर्जिनियातल्या त्याच्या मॉन्टिसेलो या घरात शेकोटीच्या दोन्ही अंगांना छोटे पाळणे आहेत. तळघरातला गुलाम बाटली ठेवी, ती वर येई. पाहुण्यांना खालचा माणूस दिसतच नसे.

४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्याला पन्नास वर्षं पुरी झाली त्याच दिवशी तो गेला. मागे लाखावर डॉलरचं कर्ज. जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिसेलोवर सुमारे १३० गुलामांचा लिलाव पुकारला गेला. अध्यक्षांच्या घरी फ्रेंच स्वयंपाक शिकलेली ईडिथ फॉसेट त्यात मुलांसह विकली गेली. तिचा नवरा जोसेफ लोहार होता. मृत्युपत्रात त्याची मुक्तता लिहिलेली होती, बायकामुलांची नव्हती.