सर्वांचे गुरुजी

सातपुड्याच्या पायथ्याशी आणि तापी नदीच्या परिसरात नंदुरबार जिल्हा वसलेला आहे. त्याच्या एका अंगास गुजरात आणि दुसऱ्या अंगास मध्य प्रदेश आहे. येथील आठवडे बाजारात क्षणभर उभे राहिले, तरी किती बोली कानांवर पडतात! धडगावकडील डोंगरातून उतरलेला शेतकरी पावरी बोलतो, नवापूरकडील बाई मावची बोलते, तर शहाद्याचा गुजर आपल्या गुजरीत भाव सांगतो. कोणी भिली बोलतो, कोणी अहिराणी, कोणी गुजराती, तर कोणी उर्दू. या सर्व घरांतील मुले शाळेत एका वर्गात बसतात. ज्याची घरची बोली निराळी, त्याला पहिल्या दिवशी तेथे परके वाटते. असे परकेपण कोणाच्याही वाट्यास येऊ नये म्हणून ज्यांनी आपला देह झिजवला, ते साने गुरुजी याच खानदेशात शिक्षक होते.

गुरुजींचे पूर्ण नाव पांडुरंग सदाशिव साने. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी झाला. घरची गरिबी होती. परंतु आई यशोदाबाई मनाची श्रीमंत होती. एकदा एक वृद्ध स्त्री लाकडांची मोळी घेऊन चालली होती. मोळी खाली पडली आणि ती काही केल्या तिला उचलेना. ती त्या काळी अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या समाजातील असल्यामुळे कोणी तिच्या मदतीस जाईना. आईने आपल्या मुलाला जाऊन मोळी उचलून देण्यास सांगितले. लोक काय म्हणतील, याची तिने पर्वा केली नाही. आईचा हा संस्कार गुरुजी कधी विसरले नाहीत. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ हे पुस्तक अवघ्या पाच दिवसांत लिहिले. त्यात ही आठवण आली आहे.

मोठ्या कष्टाने शिक्षण पुरे करून गुरुजी एम. ए. झाले आणि १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. नंदुरबारहून पूर्वेस जाणाऱ्या लोहमार्गावरच अमळनेर आहे. कोकणातून आलेल्या या तरुण शिक्षकास खानदेश नवा होता. तेथील अहिराणी बोलीही नवी होती. परंतु थोड्याच दिवसांत ते मुलांचे होऊन गेले. छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली, तेव्हा ते मुलांच्या खोल्या झाडीत, त्यांचे कपडे धुऊन ठेवीत आणि आजारी मुलाच्या उशाशी रात्र रात्र बसत. मूल कोणत्या घरातून आले, हे त्यांनी कधी पाहिले नाही. सेवेची भाषा सर्वांस कळते, हे मुलांनी त्यांच्या वागण्यातूनच ओळखले.

१९३० साली देशात कायदेभंगाची चळवळ सुरू झाली. गुरुजींनी शाळेची नोकरी सोडली आणि सत्याग्रहात उडी घेतली. त्यांना कारावासाची शिक्षा झाली आणि काही काळाने त्यांची रवानगी दूर दक्षिणेस, त्रिचनापल्लीच्या तुरुंगात झाली. तेथे तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम अशा निरनिराळ्या भाषा बोलणारे राजबंदी होते. सारे एकाच देशासाठी तुरुंगात आलेले. परंतु एकाचे बोलणे दुसऱ्यास कळेना. शेजारी बसलेला बंधूही परका वाटावा, याचे गुरुजींना फार दुःख झाले. नुसते दुःख करीत ते बसले नाहीत. त्यांनी तमिळ आणि बंगाली या भाषा शिकण्यास प्रारंभ केला आणि तिरुवल्लुवर या प्राचीन तमिळ कवीचा ‘कुरल’ हा नीतिग्रंथ मराठीत आणला. परभाषेतील माणसाच्या मनात शिरावयाचे, तर आधी त्याची भाषा आदराने शिकली पाहिजे, हा धडा त्यांनी तेथे गिरवला.

१९३२ साली ते पुन्हा बंदिवान झाले. या वेळी ते धुळ्याच्या तुरुंगात होते. नंदुरबारचा प्रदेश त्या काळी धुळ्याबरोबर पश्चिम खानदेश जिल्ह्यात मोडत असे. या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर प्रवचन करीत आणि गुरुजी ते भराभर लिहून घेत. त्यांच्या या परिश्रमांमुळेच ती अठरा प्रवचने पुढे ग्रंथरूपाने निरनिराळ्या भाषांतील वाचकांपर्यंत पोहोचली.

१९४७ साल उजाडले. स्वातंत्र्य दाराशी आले होते. परंतु पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांस बंदच होते. ज्या चोखोबांचे अभंग वारकरी शतकानुशतके गात आले, त्यांची समाधी मंदिराच्या महाद्वारासमोर, बाहेरच आहे. देश स्वतंत्र होईल आणि देशातील माणसे मात्र देवाच्या दारीही परकी राहतील, हा विचार गुरुजींना सहन होईना. त्यांनी महाराष्ट्रभर फिरून लोकांची मने वळविली आणि १ मे रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास आरंभ केला. काहींनी त्यांची निंदा केली. त्यातच उपोषण सोडावे, असा महात्मा गांधींचा निरोप आला. गांधीजींना तेथील परिस्थितीची नीट माहिती मिळालेली नव्हती. ज्यांस आपण देवासमान मानतो, त्यांचा शब्द मोडावयाचा की मंदिराबाहेर उभ्या असलेल्या बांधवांकडे पाठ फिरवावयाची, असा कठीण प्रसंग गुरुजींपुढे उभा राहिला. त्यांनी गांधीजींविषयीचा आदर ढळू दिला नाही. पण उपोषणही सोडले नाही. देह क्षीण होत चालला होता. अखेर सुमारे दहा दिवसांनी मंदिर सर्वांस खुले करण्याचे मान्य झाले. पुढे कायद्याचीही जोड मिळाली आणि त्याच वर्षी पंढरपूरचे दार सर्वांस उघडले.

मंदिराचे दार उघडले. परंतु माणसामाणसांतील आणखी कितीतरी दारे बंदच होती. स्वराज्यात प्रांताप्रांतांत, भाषाभाषांत दुरावा वाढेल की काय, ही चिंता गुरुजींना लागून राहिली. रवींद्रनाथ टागोरांनी विश्वभारती स्थापून जगाच्या संस्कृतींस एकत्र आणले. त्याच धर्तीवर भारतातील सर्व भाषा शिकविणारी, सर्व प्रांतांतील मुलांस एकत्र नांदविणारी ‘आंतरभारती’ असावी, असे स्वप्न गुरुजींनी पाहिले. १९४९ साली पुण्यास भरलेल्या मराठी साहित्य संमेलनात त्यांनी ही कल्पना मांडली. आपली भाषा सोडून दुसऱ्याची घ्यावी, असे त्यांचे म्हणणे नव्हते. आपल्या भाषेवर प्रेम करणाऱ्यानेच दुसऱ्याच्या भाषेचा मान राखावा, हे त्यांस सांगावयाचे होते. ते स्वप्न पुरे होण्यापूर्वीच, ११ जून १९५० रोजी, त्यांची जीवनयात्रा संपली. त्यांच्या मागे ही कल्पना मात्र टिकून राहिली आणि आंतरभारतीच्या नावाने कार्य करणारे लोक पुढे आले.

ही कल्पना अमलात आणण्यास फार मोठी सामग्री लागत नाही. वर्गात नव्याने आलेला, पावरी किंवा अहिराणी बोलणारा मुलगा एखादा शब्द निराळा उच्चारतो, तेव्हा इतर मुले त्यास हसतात की त्याच्या बोलीतील चार शब्द त्याच्याकडून शिकून घेतात, यावर सारे अवलंबून आहे. ज्या वर्गात मुले एकमेकांच्या बोली अशा रीतीने शिकतात, त्या वर्गात कोणीही परका उरत नाही. गुरुजींची आंतरभारती तेथे सुरू झालेली असते.